खटपट्यांचे घराणे

शब्दांनाही माणसांसारखी पत्रिका असते की काय, असे मला पुष्कळदा वाटते. ‘पाखंड’ हा शब्द घ्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. सर्व पासंडांचा मान राखावा, असे तो राजा दगडावर कोरून सांगतो. आज कोणाला ‘पाखंडी’ म्हणून पाहा, काय होते ते! ‘साहस’ शब्दाची गत नेमकी उलट. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, लूटमार, मारहाण. आज त्याच साहसाबद्दल आपण मुलांना पदके देतो. एक शब्द माडीवरून तळघरात गेला, दुसरा तळघरातून माडीवर आला.

आमच्या डोळ्यांदेखत हाच खेळ आणखी एका शब्दाच्या वाट्याला आला आहे. तो मराठी नाही, पण मराठी घराघरांत पोचला आहे. ‘हॅकर’! कोणाच्या खात्यातून पैसे गेले, की हॅकर. कोणाचा पासवर्ड पळवला, की हॅकर. एखादा मुलगा रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसला, की आजी शेजारणीला हळूच सांगते, “काय करतो कोण जाणे, हॅकर-बिकर होतो की काय!” मी मराठीचा अध्यापक, यंत्रांशी माझे नाते बेताचेच. परंतु शब्दाची अशी परवड दिसली, की त्याचे मूळ गाव शोधल्यावाचून मला राहवत नाही. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकिकत. वाचकांनी ती फराळाच्या ताटाबरोबर चाखावी.

या शब्दाचे मूळ गाव अमेरिकेत आहे. बोस्टनशेजारच्या केंब्रिज शहरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., ही जगप्रसिद्ध संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, तिथे एक लाकडी इमारत घाईघाईने उभी करण्यात आली. युद्ध संपले की पाडायची, म्हणून तिला धड नावही मिळाले नाही. नुसती ‘इमारत क्रमांक २०’. पण तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य मोठे असते, हा आपल्याकडचा अनुभव अमेरिकेतही खरा ठरला आणि ती इमारत १९९८ सालापर्यंत उभी राहिली. याच इमारतीत विद्यार्थ्यांचा एक क्लब होता, खेळातल्या आगगाड्यांचा!

आगगाडीच्या या क्लबात दोन जातींची मुले असत. एका जातीला हौस डब्यांची, स्थानकांची, चिमुकल्या डोंगरांची. इंजिनाचा रंग हुबेहूब साधला की ती खूश. दुसऱ्या जातीला टेबलावर काय दिसते याची फिकीरच नव्हती. ती सदैव टेबलाखाली! तिथे तारांचे जंजाळ होते, टेलिफोन यंत्रणेतले जुने रिले होते, कोणती गाडी कोणत्या रुळावर कशी वळवायची याची गुंतागुंतीची व्यवस्था होती. ती उघडायची, सुधारायची, पुन्हा उघडायची, हाच त्यांचा उद्योग. अशा उद्योगातून एखादी नामी युक्ती निघाली, की तिला ते ‘हॅक’ म्हणत आणि ती काढणाऱ्याला ‘हॅकर’. शब्दात शाबासकी होती. चोरीचा वासही नव्हता. मराठीत मी त्याला ‘खटपट्या’ म्हणेन. आपल्या प्रत्येक वाड्यात असा एक खटपट्या असेच. घड्याळ चालू असले तरी उघडणारा, आणि चार स्क्रू उरले तरी ते चालवून दाखवणारा!

या मुलांची आणि संगणकाची गाठ पडली ती १९५९ च्या सुमारास. त्या काळचे संगणक म्हणजे खोलीभर पसरलेली, लाखो डॉलर किमतीची धुडे. एम. आय. टी. मध्ये आय. बी. एम. कंपनीचे ७०४ हे यंत्र होते आणि ते अगदी सोवळ्यात असे. आपले गणित भोके पाडलेल्या कार्डांवर लिहायचे, कार्डांचा गठ्ठा पुजाऱ्यांच्या, म्हणजे यंत्रचालकांच्या, हवाली करायचा आणि प्रसादाची वाट पाहत बसायचे. एक भोक चुकले असेल, तर ते कळायला कित्येक तास जात. गाभाऱ्यात पाऊल टाकायची सोय नव्हती.

अशात १९५८ साली टीएक्स-० नावाचे एक यंत्र लष्करी संशोधनाच्या प्रयोगशाळेतून एम. आय. टी. मध्ये आले. त्याच्यापुढे माणसाला स्वतः बसता येई, कळा दाबता येत, आणि चूक झाली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करता येई. टेबलाखालच्या मुलांना पंढरी सापडली. दिवसा यंत्र मोठ्या संशोधकांचे. म्हणून ही मंडळी रात्री दोनला, तीनला जाऊन बसत. कोणी आपली ठरलेली वेळ चुकवली, तर ती आपल्याला मिळावी म्हणून ताटकळत राहत. पीटर सॅमसन नावाच्या मुलाने त्या यंत्राच्या ध्वनिवर्धकातून बाखचे संगीत वाजवून दाखवले. एवढ्या मोलाच्या यंत्राला गायला लावायचे! पण यंत्र हिशेबाशिवायही काही करू शकते, हे अशाच उचापतींतून लोकांना कळले.

१९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने संस्थेला पीडीपी-१ हे नवे यंत्र दिले. त्यावर स्टीव्ह रसेल याने १९६२ साली ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. पडद्यावर दोन अवकाशयाने, एकमेकांवर मारा करणारी. खेळापेक्षा त्यापुढची गोष्ट मला मोठी वाटते. रसेलने आपली आज्ञावली कागदी फितीवर छिद्रित करून यंत्राजवळच्या खणात ठेवली. खणाला कुलूप नव्हते. सॅमसनला पडद्यावरचे तारे मनाला येतील तसे विखुरलेले पाहवेनात. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा आत घातला. डॅन एडवर्ड्‌सने मधल्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिले. कोणी कोणाची परवानगी घेतली नाही, कोणी कोणाला पैसे मागितले नाहीत. खेळ मात्र रोज अधिक चांगला होत गेला.

या खणातच खटपट्यांचा सगळा धर्म आहे, असे म्हटले तरी चालेल. स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने १९८४ साली ‘हॅकर्स’ या पुस्तकात तो धर्म प्रथम नीट मांडला. माझ्या शब्दांत सांगायचे, तर त्याचे सार असे: जे यंत्र जगाविषयी काही शिकवते, त्याला हात लावण्याची मुभा सर्वांना असावी. ज्ञान साठवू नये, वाटावे. माणसाची किंमत पदवी, वय, हुद्दा यांवर नव्हे, तर त्याच्या कामावर करावी. आणि यंत्राच्या साह्याने सुंदर गोष्टी घडवता येतात.

आपल्याकडे हे सारे ऐकताना पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण होते. घराण्यांच्या तिजोरीत बंद असलेल्या चिजा त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून सर्वांपुढे ठेवल्या. छापल्याने विद्या आटली नाही, वाढली. खटपट्यांचे घराणेही असेच. फरक इतकाच, की या घराण्यात चीज लपवणे हाच मोठा दोष मानला जाई.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की हे सारे साधुसंतच होते. तसे नव्हते, आणि ते सांगितले नाही तर हा लेख नुसती आरती होईल. त्याच पीडीपी-१ वर मार्गारेट हॅमिल्टन नावाची एक तरुणी हवामानाच्या अभ्यासासाठी आज्ञावली चालवत असे. हीच पुढे चांद्रमोहिमेच्या अपोलो यानांच्या आज्ञावलीची प्रमुख झाली. एके रात्री खटपट्यांनी यंत्राची अंतर्गत जोडणीच बदलली, सुधारणा म्हणूनच! सकाळी हॅमिल्टनबाईंची कालपर्यंत चालणारी आज्ञावली चालेना. तिचा दोष काय होता? रात्री चाललेल्या कुतूहलाचे बिल सकाळी येणाऱ्याने भरायचे, हा न्याय कुठला? त्या मंडळींत बायका जवळजवळ नव्हत्याच, हेही लेव्हीने नोंदवले आहे. शिवाय यंत्रांचा पुष्कळसा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून येत होता. कुलपे नकोत म्हणणाऱ्यांचे घरभाडे कुलपांवर जगणारे खाते भरत होते, असाच त्याचा अर्थ.

पैशाचा प्रश्न तर अधिकच अवघड. १९७५ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या गॅरेजात काही हौशी लोक जमले आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. याच क्लबात स्टीव्ह वॉझ्निॲक आपल्या यंत्राचे आराखडे वाटत असे. त्या यंत्रातून पुढे ॲपल कंपनी जन्मली. क्लबातली मंडळी आज्ञावल्यांच्या प्रतीही प्रसाद वाटावा तशा वाटत. त्यांत एक प्रत होती बिल गेट्स आणि त्याच्या सोबत्यांनी लिहिलेल्या बेसिकची. वीस वर्षांच्या गेट्सने १९७६ च्या फेब्रुवारीत या हौशी लोकांना उघड पत्र लिहिले. आशय असा, की तुम्ही बहुतेक जण आमची आज्ञावली चोरता. यंत्राला पैसे मोजता, मग ती लिहिणाऱ्याने फुकट का राबावे? त्या पत्रावर पुष्कळ जण संतापले. पण प्रश्न खोटा नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला तो चटकन समजतो.

त्याला दुसऱ्या टोकाचे उत्तर एका छपाईयंत्रातून निघाले. १९८० च्या सुमारास एम. आय. टी. च्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने नवे लेझर छपाईयंत्र दिले. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या खटपट्याने पूर्वीच्या यंत्राची आज्ञावली सुधारून, कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र झाकलेली. ती ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील माणसाला स्टॉलमन जाऊन भेटला, तो म्हणाला, “ती कोणाला द्यायची नाही, असे मी लिहून दिले आहे.” गोष्ट एवढीशी, पण स्टॉलमनच्या मनात ती सलत राहिली. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने घोषणा केली, की मी एक संपूर्ण प्रणाली लिहीन आणि ती सर्वांना वापरायला, वाचायला, बदलायला मोकळी ठेवीन. १९८९ साली त्याने तिला परवान्याचे कवच दिले: घ्या, सुधारा, विकासुद्धा, मात्र पुढच्याला देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला आणि पुढच्या वर्षी त्यालाही तोच परवाना लावला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच गाभा आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून त्याच्यावरच चालत आले आहेत. ज्या शब्दाला आजीबाई भितात, त्याचे देणे आजीबाईंच्या हातातल्या फोनमध्येच बसलेले आहे!

मग या शब्दाला काळिमा लागला कसा?

त्याची सुरुवात टेलिफोनपासून झाली, असे म्हणता येईल. अमेरिकेच्या टेलिफोन यंत्रणेत २६०० हर्ट्‌झचा एक सूर होता. तो वाजला की तार मोकळी झाली, असे यंत्राला वाटे. जो एंग्रेसिया या जन्मांध मुलाचे स्वरज्ञान असे पक्के, की तो सूर त्याने लहानपणीच नुसत्या शिट्टीने काढला. त्याला यंत्रणेचे कुतूहल होते. पण त्याच सुरावर फुकट फोन करणारेही निघाले, आणि फुकट फोन ही चोरीच. पुढे १९८३ साली ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला. त्यात एक शाळकरी मुलगा खेळता खेळता अणुयुद्धाच्या यंत्रापर्यंत पोचतो. त्याच वर्षी मिलवॉकी शहरातील काही पोरांनी सरकारी प्रयोगशाळांच्या संगणकांत खरोखरीच शिरकाव केल्याचे उघडकीस आले. वर्तमानपत्रांना एक शब्द हवा होता. त्यांनी ‘हॅकर’ उचलला. जुने खटपटे कळवळून सांगत राहिले, की बाबांनो, घरफोड्याला आमचे नाव देऊ नका. कोण ऐकतो!

१९८८ च्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक आज्ञावली जाळ्यात सोडली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत असे. बेत नासधुशीचा नव्हता. पण पसरण्याचा हिशेब चुकला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. दैवदुर्विलास असा, की मुलाचे वडील सरकारी संगणक-सुरक्षेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते! मॉरिसला १९९० साली दंड, समाजसेवा आणि तीन वर्षांची देखरेख अशी शिक्षा झाली. पुढे तोच एम. आय. टी. त प्राध्यापक झाला.

याच्या उलट कथा क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाची. १९८६ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंट जुळेनात. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. स्टॉलने महिनोन्‌महिने माग काढला, रात्री प्रयोगशाळेत झोपला, आणि शेवटी जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये बसून अमेरिकन लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकणारा इसम सापडला. आता सांगा, यांतला खटपट्या कोणता? दोघेही रात्र रात्र जागले, दोघांनीही बंद दारे चाचपली. हॅनोव्हरचा माणूस दुसऱ्याचे चोरून विकत होता. बर्कलीचा माणूस ७५ सेंटांचे कोडे सुटत नाही म्हणून जागा होता. हत्यार एकच असले, तरी सुरी आंब्यासाठी उचलली की गळ्यासाठी, हे पाहावेच लागते.

आपल्या कायद्यानेही अखेर हेच पाहिले आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ चे शीर्षकच ‘हॅकिंग’ असे होते. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला, आणि कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे अशी अट घातली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्थात मालकाच्या परवानगीवाचून आत शिरणाऱ्यावर कलम ४३ अन्वये भरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे तरुणांनी विसरू नये.

कायद्याला जे कळले, ते कचेऱ्यांना कळले आहे काय? काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी अर्ज घेऊन आला. “सर, मराठी तेवढे तपासून द्या.” अर्जात लिहिले होते, की एका शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःचा निकाल पाहताना पत्त्यातला शेवटचा आकडा चुकून बदलला, तर दुसऱ्याच मुलीची गुणपत्रिका, घरचा पत्ता आणि फोन नंबर पुढे आला; तरी हे छिद्र ताबडतोब बुजवावे. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हटले, “उत्तम लिहिलेस.” चौथ्या दिवशी त्याला बोलावणे आले. सत्काराचे नव्हे, चौकशीचे. “तू हॅकर आहेस काय?” हा पहिला प्रश्न. वडील एस. टी. त वाहक, एका दिवसाची रजा टाकून आले. आई बाकावर बसून होती. तिने मला विचारले, “सर, आमच्या पोराने कुणाचे काय घेतले हो?”

मी साहेबांना म्हटले, “रस्त्याने जाणाऱ्याने तुमचे दार उघडे राहिले आहे असे ओरडून सांगितले, तर आपण त्याला चोर म्हणतो का?” साहेब म्हणाले, “पण तो दारापर्यंत गेलाच कशाला?” शेवटी माफीपत्रावर प्रकरण मिटवण्याचे ठरले. मुलाने ते लिहायला नकार दिला. जे घडले ते तेवढे लिहून दिले. आठ दिवसांत ते छिद्र गुपचूप बुजवण्यात आले. आभाराची एक ओळ आली नाही. नंतर एकदा तो मुलगा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, अजूनही अशी दारे दिसतात. पण आता सांगत नाही कोणाला.”

हे वाक्य मला अजून बोचते. मोठमोठ्या कंपन्या अशी छिद्रे दाखवणाऱ्यांना आज उघडपणे बक्षिसे देतात. आपल्या देशातही २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा असून तिच्याकडे अशी माहिती देता येते. घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना हा रस्ता दाखवावा. आणि दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीवाचून खोल जाऊ नये, दिसले तेवढे पाहून थांबावे, हेही प्रेमाने सांगावे. जो थांबतो आणि सांगतो त्यालाच आपण गप्प केले, तर उघड्या दारांची माहिती फक्त चोरांपाशी उरेल.

मराठी माणसाला तर या खटपट्यांचे ऋण विशेष मानले पाहिजे. काही वर्षांपूर्वीपर्यंत एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला, की अक्षरांऐवजी किड्यामुंग्या दिसत. कारण प्रत्येक टंकाची सांकेतिक लिपी वेगळी. १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरी आली. तिला आधार होता आपल्याच देशात ठरलेल्या १९८८ च्या संकेताचा. तरी मराठीचे हट्ट होतेच. ‘दुसऱ्या’ या शब्दातला तो आडवा रफार कसा लिहायचा? ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ साली वेगळे स्थान मिळवून आत आले. संस्थांनी आणि तज्ज्ञांनी यात मोठे काम केले, पण त्याबरोबर रात्री जागून जुन्या टंकांतला मजकूर नव्यात उतरवणारी साधने लिहिणारे, फायरफॉक्ससारख्या मोकळ्या आज्ञावल्यांना मराठी बोलायला शिकवणारे, आणि २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर एक पैसाही न घेता लिहिणारे कितीतरी लोक होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ हा टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतो. खणाला कुलूप न लावण्याची ती जुनी रीत अशी आपल्या बाराखडीपर्यंत आली.

आता घरोघरी आलेली यंत्रे पूर्वीच्या रेडिओसारखी पाठीमागचे चार स्क्रू काढून पाहता येत नाहीत. ती डिंकाने चिकटवलेली असतात. उघडली की हमी गेली. आतली आज्ञावली तर कोणाला दिसतच नाही. आपण तिच्यावर पैसे सोपवतो, पत्रे सोपवतो, मुलांची छायाचित्रे सोपवतो. अशा काळात ‘हे आत कसे चालते?’ असे विचारणारे कोणीतरी घरात असणे ही काळजीची गोष्ट नाही. या दिवाळीत तुमच्या घरातल्या कोणी नवे कोरे यंत्र उघडून बसलेले दिसले, तर रागावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. यंत्र कोणाचे आहे? आणि काय सापडले? पहिल्याचे उत्तर ‘आपलेच’ असे आले, तर दुसऱ्याचे उत्तर शेजारी बसून सावकाश ऐका. स्क्रू मात्र एका वाटीत काढून ठेवायला सांगा.